एफके रकान्यातली शून्यं

६ जानेवारी २०२५, सोमवार

दवाखान्यात आजपासून नवीन सॉफ्टवेअर. उल्हासनगरच्या कंपनीचा भूपेश सकाळी दहाला आला आणि ह्यांच्या खुर्चीत बसला. हे जाऊन सव्वादोन वर्षं झाली. तेव्हापासून त्या खुर्चीत मीच बसते, तरी ती मला ह्यांचीच वाटते. भूपेशने चहा पिऊन कप माऊसशेजारी ठेवला. काठाला साय चिकटलेली, त्यावर माशी. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. मी उचलला नाही.

कामगारांच्या तपासण्यांची सोळा वर्षांची नोंद जुन्या संगणकातून नव्यात गेली, तासाभरात. "झालं आंटी, एकदम मक्खन," भूपेश म्हणाला. मी आधी अर्थाचा तक्ता शोधला. तो कुठेच नव्हता.

हा तक्ता ह्यांनी बनवलेला. बाकीच्या तक्त्यांत कामगारांची माहिती, आणि ह्या एका तक्त्यात त्या तक्त्यांची माहिती. कोणत्या रकान्यात काय लिहिलंय, त्या आकड्याचा अर्थ काय, तो अर्थ कधीपासून, कोणी सांगितलं, कोणी केलं. एकशे त्रेचाळीस ओळी. ह्यांचा नियम होता की नवीन रकाना करायचा तर आधी इथे ओळ लिहायची, मगच रकाना. एकदा मी उलटं केलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

"भूपेश, एक तक्ता राहिला."

"वो मीनिंगवाला? आंटी, त्यात एक पण पेशंट नव्हता. लिस्टमध्ये फक्त पेशंटवाले टेबल होते. ते डेटा नाय ना."

"मग काय आहे ते?"

"डेटा के बारे में है. टेन्शन नका घेऊ, आमच्या सिस्टिममध्ये सगळे अर्थ आधीच टाकलेत."

आमच्या रकान्यांचे अर्थ ह्याच्या सिस्टिममध्ये आधीच! हा आज सकाळी बदलापूर-अंबरनाथ रस्ता विचारत आलेला माणूस.

९ जानेवारी, गुरुवार

किसन आला होता, बायकोला घेऊन. बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातला. एका पावडर कारखान्यात एकोणीस वर्षं चक्कीवर आहे. तिथे दगड दळून पीठ करतात, ते भांड्यांना, रंगांना, कशाकशाला लागतं. नोव्हेंबरात आमच्या डॉक्टर हिमानींनी त्याला सरकारी इस्पितळात पाठवलं. तिथे नळीत फुंकायची तपासणी झाली. फुप्फुसं मध्यम खराब. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि कारखान्याने त्याला चक्कीवरून काढून गेटवर बसवलं.

आता कारखान्याने आमच्या नव्या सॉफ्टवेअरमधून त्याचा जुना दाखला मागवला. २०१६ ते २०२३, आठही वर्षं नॉर्मल.

"म्याडम, कंपनी बोलते, आठ वरसं नॉर्मल होता आन एका वरसात खराब कसा? बिडीनं झाला असंल बोलते. एक मार्चपासून परत चक्कीवर जा बोलते." किसन एक वाक्य बोलला की दोनदा थांबत होता. "मी बिडी ओढतच नाय."

"ओढली असती तं त्याची मजा तरी आली असती," सगुणाबाई म्हणाली. नवरा हसला आणि त्या हसण्याने त्याला जी उबळ आली ती संपेपर्यंत आम्ही दोघी भिंतीकडे बघत होतो.

डॉक्टर हिमानींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा परत चक्कीवर गेला तर दोन वर्षं काढणार नाही, शालनताई."

मी त्याची नोंद उघडली. एफके हा रकाना, फुंकायच्या तपासणीचा निकाल. आठही वर्षं शून्य. आणि शून्य म्हणजे नॉर्मल नाहीच! आमच्याकडे नॉर्मलला नऊ. शून्य म्हणजे तपासणी झालीच नाही. जुन्या प्रोग्रामात रकाना रिकामा सोडता येत नसे म्हणून हे शून्य टाकायचे. अर्थाच्या तक्त्यात लिहिलेलं होतं. तो तक्ता फेकून दिला ह्या दीडशहाण्याने आणि एका माणसाला जात्यात घालायला निघाला.

१० जानेवारी, शुक्रवार

भूपेशला फैलावर घेतलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "आंटी, मैंने मन से नहीं किया. तुमचे जुने छापील दाखले बघून मॅप केलं. बघा ना."

त्याने कपाटातली २०१८ ची फाईल काढली. आत शून्य असलेली माणसं आणि त्यांचे छापील दाखले. प्रत्येकावर नॉर्मल. कोपऱ्यात दाखल्याचा नंबर ह्यांच्या अक्षरात.

छापायच्या प्रोग्रामात काहीतरी चूक असणार. ह्यांचं लक्ष गेलं नसेल.

१४ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर हिमानी म्हणाल्या, तोंडी सांगून कारखाना ऐकणार नाही. त्या आठ वर्षांत तपासणी झालीच नव्हती असं दवाखान्याचं लेखी पत्र पाहिजे, आणि पत्राला पुरावा पाहिजे. पुरावा म्हणजे अर्थाचा तक्ता. जुना संगणक सामानाच्या खोलीत आहे, तो चालू होतो का बघायचं.

संक्रांत म्हणून चिंतामणी साहेबांनी सगळ्यांना तिळगूळ दिला. दवाखान्याचा कारभार तेच बघतात, कारखानदारांकडून देणग्याही तेच आणतात. साहेबांकडचा खाऊ हे कधी घरी आणत नसत. आधी आणायचे, पण २०१६ च्या दिवाळीपासून बंद. वाटेतच कोणाला तरी देऊन टाकायचे. तूप झेपत नाही म्हणायचे. घरी मात्र खिचडीवर तूप मागून घ्यायचे. पुरुषांच्या तऱ्हा.

तसे साहेब वाईट नाहीत. बारा वर्षं हंगामी राहिल्यावर त्यांनीच ह्यांना कायम केलं, मे २०१६ ला. तेव्हाच हे बदलापूरचं घर झालं.

मी तो लाडू खाल्ला. तीळ खवट होते. अजून जिभेवर आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

सामानाच्या खोलीत तीन तास. संगणकावर उंदराच्या लेंड्या. शेजारी एका पिशवीत फुंकायच्या नळीच्या वापरलेल्या तोट्या, शेकडो, पिवळ्या पडलेल्या. एका तोटीवर दाताच्या खुणा होत्या. मशीन चालू होतं तेव्हा ह्या तोट्या बादलीत खळबळून पुन्हा वापरायचे. दहा माणसांची थुंकी अकराव्याच्या तोंडात. आधी उलटी करून आले, मग काम केलं.

संगणक चालू झाला. अर्थाचा तक्ता जसाच्या तसा. एफके शोधलं. मला एक ओळ माहीत होती. निघाल्या दोन.

पहिली, जून २००९: १ हलका बिघाड, २ मध्यम, ३ जास्त, ९ नॉर्मल. ० म्हणजे तपासणी झाली नाही. कोणी सांगितलं: डॉक्टर. कोणी केलं: एस-वन.

दुसरी, ११ एप्रिल २०१६: मशीन बंद. दुरुस्ती होईपर्यंत दाखल्यावर ० च्या जागी नॉर्मल छापणे. कोणी सांगितलं: कार्यालय, तोंडी. कोणी केलं: एस-वन.

एस-वन म्हणजे हे. शिवराम.

दुरुस्ती झाल्याची ओळ नाही. मशीन तेव्हापासून बंदच आहे.

मी पुष्कळ वेळ त्या उंदराच्या लेंड्यांत बसून होते. नीट विचार केला तर असं दिसतं की ह्यांना सांगितलं आणि ह्यांनी केलं. 'दुरुस्ती होईपर्यंत' असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे तात्पुरतंच समजून केलं. त्या एप्रिलात ह्यांच्या कायम होण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर पडून होती, त्या काळजीने हे नुसते पिळून निघालेले असायचे. दमलेल्या माणसाला काय सुचणार. दोष सांगणाऱ्याचा.

२० जानेवारी, सोमवार

दोन्ही ओळी छापून चिंतामणी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"शालनताई, हे 'कार्यालय' म्हणजे कोण?"

"ते तुम्ही सांगायचं, साहेब."

"मी असं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. तोंडी म्हणजे हवेतलं. इथे नाव एकाच माणसाचं आहे. एस-वन." मग फार मऊ आवाजात म्हणाले, "किसनसाठी तुमचा जीव तुटतो, माझाही तुटतो. पत्र काढू की. पण मग लिहावं लागेल की आमचे कर्मचारी कैलासवासी शिवराम यांनी स्वतःच्या मनाने नोंदींचा अर्थ बदलला. तुमच्या वस्तीत त्यांना केवढा मान. विहारातल्या वाचनालयाला त्यांचं नाव द्यायचं चाललंय ना? बघा. तुम्ही म्हणाल तसं."

बोलताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरा थेंब जमला होता. तो खाली येत नव्हता आणि जातही नव्हता. मी त्याच्याकडेच बघत राहिले. कागद उचलून बाहेर आले.

२८ जानेवारी, मंगळवार

काही केलं नाही. किसनचा दोनदा फोन आला. 'चाललंय' म्हणाले.

विहारातली माणसं ह्यांचा फोटो घेऊन गेली, मोठा करायला. जेवण जात नाही. डाळीत खडा लागला, तेवढ्यावरून ताट सारलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

किसनसारखी किती माणसं आहेत ते काढायला भूपेशला सांगितलं होतं. त्या कारखान्यातली, २०१६ नंतर सगळी शून्यं असलेली. त्रेसष्ट निघाली.

"बाप रे," तो म्हणाला. कप हातातच धरून होता आज. "आंटी, हर एंट्री के आगे डालनेवाले का नाम है. ये एस-टू कौन है? एस-वनची थोडीच आहेत. सबसे ज़्यादा ज़ीरो तो इसी ने डाले हैं. बाहेर काढा ह्याला, साला कोण आहे."

"मी," मी म्हणाले.

त्याने कप खाली ठेवला. मग उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

५ फेब्रुवारी, बुधवार

२०१७ पासून मी अर्धवेळ जायचे, ह्यांच्या शेजारी बसून नोंदी टाकायला. पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ह्या माणसांचे तपासणीचे कागदच नाहीत, काय टाकू?" हे पडद्यावरून मान न वळवता म्हणाले, "शून्य टाक." मी टाकलं. शून्य खरंच होतं. तपासणी झाली नव्हती.

पण दाखलेही मीच छापायचे. घड्या घालायचे, पाकिटात भरायचे, माणसं रांगेत उभी असायची, हातात द्यायचे. हसून द्यायचे. किसनलाही दिला असणार.

वाचले नाहीत. दहावीनंतर शाळा सुटली तरी मी वाचणं सोडलं नाही. रद्दीची पुडी सोडून वाचते. ह्यांची डेटाबेसची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. वाचनालयातली दोन कपाटं वाचून संपवली. आणि सात वर्षं स्वतःच्या हातातून गेलेला एका ओळीचा कागद वाचला नाही.

साहेबांची किळस येत होती, भूपेशची येत होती, त्या तोट्यांची येत होती. आज माझ्या बोटांची आली. साबणाने तीनदा हात धुतले. हे मूर्खपणाचं आहे हे कळतं.

आणि ह्यांची? लिहिते. आली. एवढा नेटका माणूस. दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते, का तर मी ओळ नंतर लिहिली. स्वतः मात्र ओळ आधी लिहिली, नियमाप्रमाणे, तारखेसह, आणि मग त्रेसष्ट माणसांना नॉर्मल करून टाकलं. घरी येऊन माझ्या हातचं जेवले. मला सांगितलं नाही. मी त्याच संगणकावर शेजारी बसून होते, मला तो तक्ता उघडता येत होता, हे त्यांना माहीत होतं. तरी सांगितलं नाही.

आणि तरी आज ते समोर बसलेले असते तर आधी चहाच टाकला असता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चिंतामणी साहेबांकडे गेले.

"साहेब, पत्रात नाव घाला."

"कोणाचं?"

"ह्यांचं. आणि खाली माझं. २०१७ पासून शून्यं मी टाकली, दाखले मी छापले. 'कार्यालय, तोंडी' हेही जसंच्या तसं घाला."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. दोनदा विहाराचं नाव काढलं. मग म्हणाले, "मी सही करणार नाही. देणगीदारांना काय तोंड दाखवू?" तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा डॉक्टर हिमानी दारातूनच बोलल्या, "तुमची सही नकोच. वैद्यकीय नोंदीवर डॉक्टरची सही चालते. शालनताई, टाईप करा."

टाईप केलं. 'शिवराम' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा टाईप केला. घरात नाव घ्यायचं नसतं आणि दवाखान्यात एस-वनने भागत होतं.

दुपारी भूपेश स्वतःहून आला. जुना तक्ता ओळन्‌ओळ नव्यात आणला. वर म्हणाला, "आंटी, अलग टेबल कोई भी भूल सकता है. आता रकान्यालाच टीप चिकटवू. डेटाबेस तसं करू देतो. जिथे रकाना जाईल, टीप पण जाणार. काय लिहू, बोला."

मी सांगितलं ते त्याने लिहिलं. मग अर्थाच्या तक्त्यात मी दोन रकाने वाढवले. आधीचा अर्थ काय होता, हा एक. बदलल्यामुळे कोणावर परिणाम झाला, हा दुसरा. आधी त्या दोन रकान्यांच्या ओळी लिहिल्या, मग रकाने केले. सवय.

दुसऱ्या रकान्यात त्रेसष्ट नावं टाकायला संध्याकाळ झाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विहारातून निरोप. वाचनालयाच्या नावाचं तूर्त थांबवलंय. फोटो परत आला, मोठा केलेला. भिंतीला टेकवून ठेवलाय, उलटा नाही, सुलटाच.

साहेबांनी एप्रिलपासून नवीन माणूस बघतोय असं माझ्यासमोर फोनवर कोणाला तरी सांगितलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवमंदिराच्या यात्रेमुळे सगळे रस्ते बंद, दवाखानाही बंद. आज किसन आणि सगुणाबाई आले. कारखान्याचं पत्र आलंय. किसनने चक्कीवर जायचं नाही, गेटवरच कायम. पगार तोच.

मी बसा म्हणाले. सगुणाबाई बसली नाही. डॉक्टरांच्या पत्राची प्रत तिने घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली होती. भाचीकडून वाचून घेतली होती.

"ह्यात तुमच्या मालकाचं नाव हाय."

"हो."

"तुमचं पन हाय."

"हो."

"शिरामभाऊ?" किसन म्हणाला. "माझ्यासंगं टपरीवर चा घ्यायचा तो. पैसे मला देऊ देयाचा नाय कधी. मी बोलायचो, भाऊ, आज मी देतो, तं हात धरायचा माझा." त्याला राग येत नव्हता. तो आठवत होता, नीट जुळतंय का बघत होता.

सगुणाबाईला आला. "आठ वरसं माझा मानूस दळत व्हता आन तुमी दोघं नवराबायको इथं पंख्याखाली बसून नॉर्मल लिवत व्हता. आता पत्र देता. मी काय पाया पडू तुमच्या?"

"नको," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"चल गो," किसन म्हणाला. जाताना दारात थांबून त्याने विचारलं, "मंग सोला साली मी चांगला व्हतो का नव्हतो, म्याडम? कळंल का आता?"

कळणार नाही. ते त्याला सांगितलं.

४ मार्च, मंगळवार

डॉक्टर हिमानींनी सरकारी इस्पितळात दर बुधवारी दहा माणसांची तपासणी ठरवली आहे. एक महिना माझ्या हातात आहे, तेवढ्यात फोनची यादी संपवायची. किसन सोडून बासष्ट. आज दुपारपासून फोन करायला घेतले. आठ जणांना लागला. तिघे येतो म्हणाले. एकाने शिवी दिली. एकाला वाटलं मी काहीतरी विकते आहे.

नववं नाव लहू. विठ्ठलवाडीच्या चाळीतला. फोन बाईने उचलला.

"ते नाहीत."

"कधी येतील?"

"गेले ते. एकवीस साली. करोना म्हणाले. तुम्ही कोण?"

मी दवाखान्याचं नाव सांगितलं. मग खरं तेच बोलले. "त्यांची फुंकायची तपासणी राहिली होती."

"नाही हो ताई, राहिली कशी? दरसाल दाखला मिळायचा की. सगळे नॉर्मल. माझ्याकडे आहेत. प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेत, पोरीला कधी लागले तर." मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. एवढ्या वर्षांनी कोणीतरी त्यांची चौकशी केली म्हणून असेल. "तुम्हाला हवेत का? नेऊन परत द्याल ना?"

"देईन," मी म्हणाले. "मी स्वतः येते. फोनवर सांगण्यासारखं नाही, बसून सांगते."

उद्या अकराला जायचं ठरलं. तिने पत्ता सांगितला. तिसरा मजला, पाण्याच्या टाकीशेजारचं दार. तो लिहून घेतला.

मग दहावं नाव लावलं. फोन उचलणारा आधी खोकला, पुष्कळ वेळ, आणि मग हॅलो म्हणाला.